गाडी लागते का तुम्हाला? ऑपरेशननंतरच्या उलट्या आणि त्या आधीच अडवणारी औषधं

प्रश्न : माझं वय ४४. कर्वेनगरला राहते. पित्ताशयात खडे आहेत, दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलंय. अकरा वर्षांपूर्वी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा रात्रभर ओकत होते, ऑपरेशनपेक्षा त्याचीच धास्ती बसली आहे. तेव्हा कोणीतरी म्हणालं, भूल जास्त झाली असेल. या वेळी उलट्या होऊच नयेत म्हणून आधी औषध देता येतं का? कोणतं चांगलं? मैत्रीण म्हणते, घरूनच एक एमेसेट खाऊन जा. मला शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. बाकी काही नाही.

उत्तर : देता येतं. आणि तुमच्या बाबतीत एकावर भागणार नाही, दोन-तीन द्यावी लागतील, हे तुमची फाइल न बघताही सांगतो. गेली सत्तावीस वर्षं मी पुण्यात भूल देतोय. त्यातली बरीचशी पित्ताशयाच्या आणि गर्भाशयाच्या ऑपरेशनांना, म्हणजे ज्यांच्यानंतर पेशंट हमखास ओकतात त्यांनाच.

आधी ते 'भूल जास्त झाली'चं बघू. पूर्ण खोटं नाही, पण तुम्हाला वाटतं तसंही नाही. श्वासावाटे जो भुलीचा वायू देतात (हल्ली बहुतेक सेव्होफ्लुरेन किंवा आयसोफ्लुरेन) त्याने मळमळ होते, आणि ऑपरेशन जितकं लांबेल तितका तो जास्त वेळ अंगात जातो. पहिल्या दोन-एक तासांतल्या उलट्यांचं मोठं कारण तोच. पण तुम्ही रात्रभर ओकत होता. रात्री तो वायू उरलेला नसतो. मग उरतात दुखणं थांबवायला दिलेली मॉर्फिनच्या जातीची औषधं, आणि उरते तुमची स्वतःची प्रकृती. शेजारच्या कॉटवरच्या बाईला तीच भूल, तेच डॉक्टर, आणि तिने संध्याकाळी सहाला चहा मागितला असेल. फरक पेशंटमध्ये असतो, आणि तो आधी ओळखता येतो.

ऑपरेशनपूर्व तपासणीत दमा, बी.पी., दात हलतोय का, सगळं विचारून झालं की मी एक प्रश्न विचारतो : गाडी लागते का? पेशंट हसतात. आपण काय सहलीला चाललोय? मग बहुतेक वेळा नवराच उत्तर देतो, "लागते म्हणजे! ताम्हिणीत दोनदा थांबवावी लागते." एक आजी म्हणाल्या होत्या, एसटीत खिडकी मिळाली तरच मी बसते, नाहीतर पुढची गाडी.

हा प्रश्न मी पुस्तकातून नाही, ठेच लागून शिकलो. नवीन होतो तेव्हाची गोष्ट. कानाच्या पडद्याचं ऑपरेशन, तिशीतल्या शिक्षिका. ऑपरेशन सुरेख झालं, भूल सुरेख उतरली, मी खुशीत घरी गेलो. रात्री नऊला फोन. जाऊन बघतो तर बाई डोळे घट्ट मिटून कॉटचा गज धरून पडलेल्या, कानावर बँडेज, गालाशी किडनी ट्रे. मान इंचभर वळली की कोरडे उमासे. पोटात काही नव्हतंच, तरी शरीर पिळून निघत होतं. मी एक इंजेक्शन दिलं. तासाभराने पुन्हा तेच इंजेक्शन दिलं. (ते का चुकलं, पुढे सांगतो.) एका रात्रीचा मुक्काम दोन रात्रींचा झाला. घरी जाताना त्या म्हणाल्या, "डॉक्टर, मला कात्रजच्या घाटातसुद्धा लागते. तुम्ही विचारलंच नाहीत." नव्हतं विचारलं.

तोवर याचं साधं गणितही छापून आलेलं होतं. जर्मन भूलतज्ज्ञ ख्रिश्चन आफेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये चार गोष्टी काढून दाखवल्या. पेशंट बाई आहे. सिगारेट ओढत नाही. आधीच्या ऑपरेशननंतर उलट्या झाल्या होत्या, किंवा गाडी लागते. आणि ऑपरेशननंतर मॉर्फिन, फेंटानिल अशी औषधं लागणार आहेत. यातलं एकही नसेल तर शंभरातल्या साधारण दहा जणांना त्रास होतो. एक असेल तर वीस, दोन असतील तर चाळीस, तीन असतील तर साठ, चारही असतील तर ऐंशी. सिगारेट ओढणाऱ्यांना उलट्या कमी होतात हे खरं आहे, आणि दर महिन्याला एखादा पेशंट हे ऐकून बायकोकडे विजयी मुद्रेने बघतोच. त्याच्या फुप्फुसाचं काय होतं ते मी त्याला नंतर बायकोसमोरच सांगतो.

तुमच्या चारपैकी दोन तर तुम्ही पत्रातच लिहिल्यात, आणि सिगारेट ओढत नसाल असं धरतो, म्हणजे तीन झाल्या. चौथी तुमच्या डॉक्टरांच्या हातात आहे. शिवाय वय पन्नाशीच्या आत आणि ऑपरेशन दुर्बिणीतून पित्ताशयाचं, दोन्ही त्रास वाढवणाऱ्याच बाजूला. तेव्हा औषधं न देता तुम्हाला भूल दिली तर साठ ते ऐंशी टक्के शक्यता. 'बघू, झाल्या उलट्या तर देऊ इंजेक्शन' हे धोरण तुमच्यासाठी नाही.

आता एकाऐवजी दोन-तीन औषधं का, त्याच औषधाचा डोस दुप्पट का नाही? मेंदूच्या देठाशी उलटीची सूत्रं हलवणारा भाग आहे. त्याला खबर अनेक वाटांनी पोचते. आतडं चाळवलं गेलं की तिथल्या पेशी सेरोटोनिन सोडतात आणि ती खबर व्हेगस नसेतून वर जाते. रक्तातून फिरणारं मॉर्फिन किंवा भुलीचा वायू मेंदूच्या एका उघड्या कोपऱ्याला परस्पर कळतो, तिथे डोपामिनचं काम. आतल्या कानातला तोल बिघडला की हिस्टामिन आणि अॅसिटिलकोलिन. गाडी लागते ती याच वाटेने. आणि अगदी शेवटच्या टप्प्यावर सबस्टन्स पी नावाचं रसायन. एक औषध एक वाट अडवतं. ती पूर्ण अडवली गेल्यावर त्याच औषधाचा आणखी डोस देऊन काही होत नाही, डोकेदुखी तेवढी वाढते. कानाच्या त्या पेशंटला मी तासाभराने तेच इंजेक्शन पुन्हा दिलं ते म्हणूनच वाया गेलं. पहिलं औषध देऊन सहा तास व्हायच्या आत उलटी झाली, तर दुसरं वेगळ्या जातीचं द्यायचं, हा आता सर्वमान्य नियम आहे.

किती फरक पडतो? २००४ मध्ये पाच हजारांहून जास्त पेशंटवर झालेला एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला, आफेल यांचाच. ऑनडॅनसेट्रॉन, डेक्सामेथासोन आणि ड्रॉपेरिडॉल ही उलटी अडवणारी औषधं, तिन्हींनी धोका साधारण सारखाच, सव्वीस टक्क्यांनी, कमी केला. वायूऐवजी शिरेतून प्रोपोफॉलवर भूल चालू ठेवली तर एकोणीस टक्क्यांनी. आणि महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक उपाय आधीच्या उपायातून जे उरलं त्याच्यावर काम करत होता. कागद-पेन घ्या. तुमचे ऐंशी धरू. एका औषधाने एकोणसाठ होतात. दुसऱ्याने चव्वेचाळीस. तिसऱ्याने बत्तीस. वर प्रोपोफॉलची भूल घेतली तर सव्वीस. शून्य होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. 'होऊच नयेत' अशी हमी कोणी दिली तर ती घेऊ नका. पण पाचातल्या चौघींना त्रास आणि चारातल्या एकीला त्रास यात फार अंतर आहे. याच हिशोबाने हेही कळतं, की धट्टाकट्टा सिगारेट ओढणारा पुरुष हर्नियाला आला तर त्याला तीन-तीन औषधं देण्यात अर्थ नाही. दहाचे साडेसात होतील. शंभरात अडीच जणांचा फायदा, आणि दुष्परिणाम मात्र शंभराच्या शंभर जणांच्या वाट्याला. तुमच्यासारखीला पहिल्याच औषधात एकवीस जणींचा फायदा आहे. २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात : एक-दोन धोके असतील तर दोन औषधं, त्याहून जास्त असतील तर तीन-चार.

आता औषधं.

डेक्सामेथासोन माझं सगळ्यात लाडकं. चार ते आठ मिलिग्रॅम, भूल चढल्या चढल्या. जुनं औषध, एका वडापावच्या पैशात येतं, आणि त्याचा परिणाम दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो. चढायला वेळ लागतो म्हणून सुरुवातीलाच द्यायचं. शेवटी दिलं तर रिकव्हरीतल्या उलट्यांना उपयोग नाही. आणि भूल चढल्यावरच का, तेही सांगतो, कारण हे कोणी पेशंटला सांगत नाही. जाग्या माणसाला हे भरकन शिरेत ढकललं तर जांघेत आणि बसायच्या जागी अशी काही जळजळ-खाज सुटते की माणूस टेबलावर उडतो. अर्ध्या-एक मिनिटात जाते, नुकसान काही नाही, पण पेशंट ते जन्मभर विसरत नाही आणि लाजेपायी कोणाला सांगतही नाही. तुम्हाला कधी असं झालं असेल तर ती अॅलर्जी नव्हती.

तुमची शुगर इथे मध्ये येते. हे स्टेरॉइड आहे, एका डोसनेही शुगर वाढते, आणि पुण्यातल्या निम्म्या नातेवाइकांचा चेहरा 'स्टेरॉइड' शब्दावर उतरतो. पण एक डोस म्हणजे महिनोन्महिने गोळ्या खाणं नव्हे. जखम चिघळेल ही भीती तपासायला ऑस्ट्रेलियातल्या भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने साडेआठ हजारांहून जास्त पेशंटवर प्रयोग झाला, त्यात मधुमेहीही होते. २०२१ मध्ये निकाल आला : आठ मिलिग्रॅमच्या एका डोसने जखमेतला जंतुसंसर्ग वाढला नाही. तेव्हा गोळ्यांवर आटोक्यात असलेल्या शुगरला मी हे औषध देतो, चार मिलिग्रॅमच देतो, आणि त्या दिवशी रात्रीपर्यंत बोटाला टोचून शुगर बघायला सिस्टरांना सांगतो. शुगर तीनशेच्या घरात असेल तर मात्र हे वगळून दुसरं शोधतो. खरं म्हणजे मग ठरवून करायचं ऑपरेशनच पुढे ढकला म्हणतो.

ऑनडॅनसेट्रॉन म्हणजे तुमच्या मैत्रिणीची एमेसेट. सेरोटोनिनची वाट अडवणारं. मूळ केमोथेरपीच्या पेशंटसाठी आलेलं औषध. अमेरिकेत १९९१ मध्ये परवानगी मिळाली आणि त्यानंतर आमचं काम खरोखर सोपं झालं. चार मिलिग्रॅम, ऑपरेशन संपत आलं की शिरेतून. झोप आणत नाही, डोकं थोडं दुखू शकतं, पोट मात्र बांधतं. आधीच ऑपरेशननंतर आतडं सुस्त असतं, त्यात हे घरी जाऊन चार-चार दिवस खाल्लं तर पाचव्या दिवशी वेगळीच तक्रार घेऊन याल. हृदयाच्या ठोक्यांची क्यूटी नावाची एक मोजणी असते, ती या औषधाने लांबते. एका लहान डोसने निरोगी माणसाला काही होत नाही, पण पोटॅशियम कमी असेल किंवा हृदयाची तालबद्धतेची औषधं चालू असतील तर सांगायलाच हवं.

आता मैत्रिणीचा सल्ला. या औषधाचं अर्धं आयुष्य, म्हणजे अंगातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ, तीन-चार तासांचं. सकाळी सातला घरून गोळी खाल्ली आणि पुण्याच्या रिवाजाप्रमाणे अकराची केस दीडला आत गेली, तर ज्या संध्याकाळी त्रास होणार तोवर त्यातलं फारसं उरलेलं नाही. शिवाय ते खाल्ल्याचं आम्हाला माहीत नसलं तर पुढचा हिशोब चुकतो. मैत्रिणीचं मन चांगलं आहे, वेळ चुकीची आहे.

याच जातीतलं पालोनोसेट्रॉन जास्त टिकतं, अर्धं आयुष्य चाळीस तासांच्या आसपास. सुरुवातीलाच एकदा दिलं की दुसऱ्या दिवसापर्यंत वेगळं काही लागत नाही. ज्यांची मळमळ घरी गेल्यावर सुरू होते त्यांना हे मी हमखास निवडतो, आणि तुम्हालाही निवडीन. एक लक्षात ठेवायचं : हे दिल्यावर उलटी झालीच तर वरून ऑनडॅनसेट्रॉन देऊन उपयोग नाही, वाट तीच आहे.

अॅप्रेपिटंट ही कॅप्सूल. सबस्टन्स पी अडवते. भूल द्यायच्या आधी तीनेक तासांच्या आत, घोटभर पाण्याबरोबर. उलटी थांबवण्यात तिचा हात कोणी धरत नाही. मळमळीवर तितकी नाही. पूर्वीच्या ऑपरेशनला इतका त्रास झालेल्या पेशंटला मी ती देतो. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्यांचा परिणाम या औषधाने महिनाभर कमी होतो. हे सांगायचं राहून गेलं तर काय गोंधळ होईल तुम्हीच बघा.

मेटोक्लोप्रामाइड, म्हणजे पेरिनॉर्म. अजून सर्रास टोचतात. दहा मिलिग्रॅमचा नेहमीचा डोस ऑपरेशननंतरच्या उलट्या अडवायला तोकडा पडतो, आणि तरुण पेशंटला, विशेषतः मुलींना, क्वचित एक भयंकर दिसणारा प्रकार होतो. एका छोट्या हॉस्पिटलात एका कॉलेजच्या मुलीची मान अचानक एका बाजूला वळली, डोळे वर चढून तिथेच अडकले, जबडा आखडला. शुद्धीत होती, घाबरून रडत होती, पण डोळे खाली येईनात. आईने तोवर अंगारा काढला होता. मी फेनरगनचं इंजेक्शन हळूहळू दिलं. पंधरा-वीस मिनिटांत मान सरळ, डोळे खाली. आई मला देव समजली. मी त्यांना खरं सांगितलं, की हे आमच्याच इंजेक्शनने झालं होतं, आणि मुलीच्या फाइलवर लाल शाईने मोठ्या अक्षरात लिहिलं. तुम्हाला असं कधी झालं असेल तर त्या औषधाचं नाव पाकिटातल्या चिठ्ठीवर लिहून ठेवा. स्टेमेटिल आणि हॅलोपेरिडॉल या उलटीवरच्या औषधांनीही असं होऊ शकतं.

ड्रॉपेरिडॉल प्रभावी होतं, पण २००१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हृदयाच्या तालावरून त्याच्यावर काळ्या चौकटीतला इशारा छापला आणि ते मागे पडलं. माझ्या पिढीतल्या अनेकांना तो इशारा जरा जास्तच कडक वाटतो. असो.

औषधांइतकंच महत्त्व भूल कशी देतात याला आहे. तुमच्यासारख्या पेशंटला मी वायू न वापरता प्रोपोफॉल पंपावर चालू ठेवतो, भूल शिरेतूनच. त्या औषधाच्या अंगीच उलटी कमी करण्याचा गुण आहे. नायट्रस ऑक्साइड टाळतो. तासाभराच्या आत संपणाऱ्या केसला त्याने फार बिघडत नाही, पण पित्ताशय चिकटलेलं निघालं की तासाचे अडीच कधी होतात कळत नाही. आणि दुखण्याचं गणित मॉर्फिनवर न ठेवता वेगळं मांडतो. शिरेतून पॅरासिटामॉल, किडनी ठीक असेल तर डायक्लोफिनॅकसारखं एखादं, आणि सर्जनला विनंती की दुर्बिणीच्या चारही छिद्रांच्या जागी बधिरतेचं इंजेक्शन द्या. चांगले सर्जन विनंतीची वाटही बघत नाहीत. मॉर्फिनजातीचं औषध जितकं कमी, तितकी ती चौथी खूण पुसट.

(मणक्यातून भूल देऊन सिझेरियन करताना टेबलावरच मळमळतं, तो प्रकार वेगळा. तिथे बहुधा बी.पी. उतरलेलं असतं. बी.पी. वर आणलं की मळमळ आपोआप जाते. तिथे उलटीचं इंजेक्शन देत बसणं म्हणजे मूळ कारणाकडे पाठ फिरवणं.)

उपाशी राहण्याबद्दल. 'रात्री दहानंतर पाण्याचा थेंबही नाही' हे आपल्याकडे इतकं भिनलंय की दुपारी दोनला टेबलावर येणाऱ्या बायकांची जीभ टाळ्याला चिकटलेली असते, आणि असं सुकलेलं शरीर जास्त मळमळतं. हल्लीचा नियम असा, की हलकं खाणं सहा तास आधी बंद, तळकट-जड आठ तास आधी, आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. चहात दूध असतं, त्यामुळे तो पाण्यात मोडत नाही, खाण्यात मोडतो. यावर वाद घालू नका. मात्र शुगर जुनी असेल तर पोट हळू रिकामं होतं, आणि आठवड्यातून एकदा घ्यायचं वजनाचं किंवा शुगरचं इंजेक्शन सुरू असेल तर फारच हळू. ते घेत असाल तर आधी सांगा. तुमच्यासाठी नेमके तास तुमच्या भूलतज्ज्ञांनीच ठरवायचे, आणि मेटफॉर्मिन त्या सकाळी घ्यायची का तेही त्यांनाच विचारा.

त्यांना गाठायचं कसं, हाच खरा प्रश्न. सर्जन तीनदा भेटतात, भूलतज्ज्ञ मात्र अनेकदा थेट ओ.टी.च्या दारात. तुम्ही फोन करून विचारा, "भूलतज्ज्ञांची आधी तपासणी कधी आहे?" मग त्यांना एवढं सांगा : अपेंडिक्सनंतर रात्रभर उलट्या झाल्या, गाडी लागते किंवा लागत नाही, शुगर आहे, कोणत्या औषधाने काय झालं. अकरा वर्षांपूर्वीचं डिस्चार्ज कार्ड सापडलं तर घेऊन जा. त्यात भुलीचा कागद असेल तर आमच्यासाठी ते घबाड आहे.

ऑपरेशन झाल्यावर मळमळू लागलं की लगेच बोला. बायका उलटी होईपर्यंत गप्प बसतात, 'सिस्टर दमल्यात, कशाला त्रास' म्हणून. मळमळ हीसुद्धा उपचार करायची गोष्ट आहे. डोकं एकदम उचलू नका. रिकव्हरीतून वॉर्डात नेताना ट्रॉली लिफ्टमध्ये जाते, कोपऱ्यावर गर्रकन वळते, छतावरचे दिवे पळतात. पहिली उलटी तिथेच होते. डोळे मिटून घ्या आणि वॉर्डबॉयला हळू न्यायला सांगा. इंजेक्शनच्या आधी कातडी पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा छोटा स्वॅब असतो, तो नाकाशी धरून तीन-चार खोल श्वास घेतले तर मळमळ थोड्या वेळापुरती बसते. औषध चढेपर्यंत तेवढा आधार पुरतो. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं वर, दोन शिरांसारख्या दोऱ्यांच्या मध्ये दाबायचं एक ठिकाण आहे. अॅक्युप्रेशर म्हटल्यावर मी पूर्वी हसायचो. अभ्यास बऱ्यापैकी बाजूने आहेत, आता हसत नाही. आल्याचे पुरावे उलटसुलट आहेत, आणि उपाशीपोटी आलं चघळणं तर मुळीच नको. नातेवाइकांना एकच विनंती : 'दोन घास खा म्हणजे ताकद येईल' करू नका, आणि वॉर्डात वडा-सांबाराचा डबा उघडू नका. भूक लागली की पेशंट मागतो.

इतकं करूनही उलट्या थांबत नसतील तर नुसतं औषधावर औषध देऊन चालत नाही. बी.पी., शुगर, दुखणं, पोट फुगलंय का, हे बघावं लागतं. घरी गेल्यावरही पाणी टिकत नसेल, पोट फुगत चाललं असेल, ताप किंवा कावीळ दिसली, तर फोनवर सल्ला मागत बसू नका, थेट हॉस्पिटलला जा.

घरी द्यायच्या गोळ्यांत ट्रामाडॉल आहे का बघा. पॅरासिटामॉलबरोबर जोडून येतं, पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तुमच्यासारख्यांना घरी ओकवणारं औषध बहुधा हेच. डिस्चार्जच्या वेळी विचारा, "याच्याऐवजी साधी पॅरासिटामॉल आणि दुसरं काही चालेल का?" बहुतेक वेळा चालतं. 'उलटीची गोळी बरोबर घ्या की' असं कोणी म्हणालं, तर ऑनडॅनसेट्रॉन ट्रामाडॉलचा दुखणं थांबवण्याचा गुणच थोडा कमी करतं, हे सांगा.

आणि हॉस्पिटल ते कर्वेनगर हा प्रवास. एरवी जिला ताम्हिणीत लागते तिला त्या दिवशी गल्लीतले स्पीडब्रेकरही पुरतात. रिक्षा नको. कोणाची तरी चारचाकी मागवा, पुढच्या सीटवर बसा, काच खाली, एसीचा अत्तरवाला डबा आधी काढून टाका, मोबाइल बघायचा नाही. तोंडात विरघळणारी उलटीची गोळी लिहून दिली असेल तर निघायच्या अर्धा तास आधी जिभेवर ठेवा. पोटाशी एक छोटी उशी धरून ठेवा, खड्डा आला की टाक्यांना बरं वाटतं. आणि मांडीवर एक पिशवी असू द्या, लागली तर.